भिंतीपलीकडच्या टाळ्या

क्रिकेट माझ्याइतकं या निगडीत कुणाला कळत नाही. आता बॅट म्हणाल तर आयुष्यात हातात धरली नाही. एकदा धुणं आपटायचं धोपटणं तेवढं धरलं होतं, तेही बायकोनं काढून घेतलं. पण कळतं. या ओव्हरला कोण आऊट होणार हे मी आधीच सांगतो, आणि मी सांगितलेला तेवढा सोडून बाकीचे सगळे आऊट होतात.

तर असल्या जाणत्या माणसानं जी माती खाल्ली ती आता ऐका. तुम्ही हसाल, हसा. मला मात्र अजून आठवलं की डोकं तापतं. कुणावर तापतं, ते ऐकता ऐकता कळेलच तुम्हाला.

मी चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होतो. शिक्षण सातवी, तेसुद्धा मास्तर माझ्या तोंडाला कंटाळले म्हणून. कंपनीत माझं नाव कामासाठी कमी आणि खोड्यांसाठी जास्त. नवा कुणी भरती झाला की त्याला डाव्या हाताचा पाना आणायला स्टोअरला धाडायचं. स्टोअरवाला आमचाच, तो म्हणायचा, संपलाय, पेंट शॉपला विचार. पेंट शॉपवाला म्हणायचा, कँटीनला बघ. बिचारा अर्धी शिफ्ट फिरायचा. कुणी चिडलंच तर माझं एक वाक्य ठरलेलं. "अरे भावा, गंमत केली." या एका वाक्यावर मी तीस वर्षं मार चुकवला.

आमची बिल्डिंग निगडीच्या बस स्टॉपच्या मागं. दुसऱ्या मजल्यावर दोन दारं शेजारी शेजारी, एक माझं, एक युसूफभाईचं. मधली भिंत एका विटेची. पलीकडं शिंक आली तर इकडं 'सत्य आहे' म्हणतो आम्ही. युसूफभाईचं देहूरोडच्या रस्त्याला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. बावीस वर्षांचा शेजार. आमचा सिलेंडर संपला की त्यांचा इकडं येतो, त्यांचा संपला की आमचा तिकडं जातो. कुणाचा कुठला हे आता गॅस एजन्सीलाही सांगता येणार नाही.

आणि क्रिकेटचं वेड म्हणाल तर तो माझ्याही पुढं. मॅच असली की गॅरेजचं शटर खाली. गिऱ्हाईक बिल्डिंगखाली येऊन बोंबललं तरी हा खाली उतरत नाही.

पूर्वी आम्ही एकत्रच बघायचो, माझ्या घरी. पण लागोपाठ तीनदा असं झालं की आम्ही एकत्र बसलो आणि आपण हरलो. तिसऱ्यांदा हरल्यावर युसूफभाईनंच विषय काढला. म्हणाला, नाना, दोष टीमचा नाही, आपल्या दोघांचा आहे, इथून पुढं आपापल्या घरी बसू. मला पटलं. तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही क्रिकेट बघत नाही, एवढंच मी म्हणेन. तर असे आम्ही वेगळे बसायला लागलो, देशासाठी. वेगळे म्हणजे काय, भिंत एका विटेची. इकडं शिट्टी, तिकडं टाळ्या. एकाच सोफ्यावर बसल्यासारखं.

आता मध्येच माझ्या मुलाचं ऐका. तो माण गावातल्या आयटी कंपनीत आहे. त्यानं महिन्यापूर्वी आमची केबल काढून टाकली. म्हणाला, नाना, आता सगळं इंटरनेटवर, चित्र बघा कसं काचेसारखं. चित्र काचेसारखं, खरं आहे. पण बाकी काय होतं ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कारण मला सगळं येतं.

आणि मग ती मॅच आली. समोर शेजारचा देश. नाव घेत नाही, घेतलं की बायको बीपीची गोळी पुढं करते.

पहिली त्यांची बॅटिंग होती. मी धोतर सावरून, ताट-चमचा बायकोच्या हातात देऊन तयार. त्यांच्या एकानं आपल्या बॉलरला असा चौकार हाणला की मी सोफ्यावरून अर्धा उठलो. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून टाळ्या.

मी बायकोकडं बघितलं. बायको माझ्याकडं बघायला तयार नव्हती. म्हणाली, डास मारला असेल. एवढ्या टाळ्या? अख्ख्या निगडीचे डास मारले काय? पुढच्या बॉलला त्यांची विकेट पडली, मी शिट्टी फुंकली, बायकोनं ताट बडवलं. आणि भिंत गप्प. एक आवाज नाही.

तुम्हीच सांगा, चौकारावर टाळ्या आणि विकेटवर सुतक, याला काय म्हणायचं? मी सोडून दिलं. म्हटलं, वयानं कान वाजत असतील, माझे. पण राग एकदा चुलीवर ठेवला की तो आपोआप उकळतो, त्याला ढवळावं लागत नाही.

मग आपली बॅटिंग. आपल्या ओपनरनं दुसऱ्याच ओव्हरला बॉल असा भिरकावला की कॅमेऱ्याला सापडेना. सिक्स. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी दिली ती खाली बस स्टॉपवर ऐकू गेली असेल. ताटावर चमचा. आणि पलीकडून काय यावं? "अरेरे" असा लांबलचक आवाज, आणि काहीतरी धाडकन आपटलं.

आपल्या सिक्सवर अरेरे. आता मात्र मला माझ्यातला जुना खोडकर उठवावा लागला. म्हटलं, परीक्षा घेऊ. लगेच फोन लावला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, काय युसूफभाई, बघताय ना?

पलीकडून मयतीला बसल्यासारखा आवाज आला. "बघतोय. वाट लागली सगळी. ठेवा आता." आणि फोन बंद.

वाट लागली. आपण सिक्स मारला म्हणून याची वाट लागली. मी हे बायकोला सांगतोय तोवर टीव्हीवर बघतो तर पुढच्याच बॉलला ओपनर बोल्ड. बघा, म्हटलं, नजर लावली. फोनवरून लावली. मोबाईल कंपनीला पत्ता नाही आणि नजर पोचलीसुद्धा.

मग माझं डोकं मागं मागं जायला लागलं. वेगळं बसायची कल्पना कुणाची? त्याची. का असेल? मोकळेपणानं टाळ्या वाजवता याव्यात म्हणून. तीन मॅच आपण हरलो तेव्हा माझ्याच घरात बसून, माझाच चहा पिऊन, तोंड पाडून बसला होता, ते तोंड खरं होतं का? बावीस वर्षांचा हिशेब मी अर्ध्या तासात नासवला. बायको म्हणत होती, अहो, ते तसले न्हाईत, तुमच्या आजारपणात रिक्षा कुणी आणली ते आठवा. मी म्हटलं, रिक्षा वेगळी आणि देश वेगळा. काय वाक्य होतं. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते, पण या वयात नेम लागत नाही.

मॅच अगदी गळ्याशी आली. आपला एकच भरवशाचा गडी उरला होता. बॉल त्याच्या पॅडवर लागला, अकरा जणांनी एकदम अपील केलं आणि अंपायरनं बोट वर केलं.

संपलं. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडं जल्लोष. टाळ्या, आरोळ्या, खुर्ची सरकल्याचा आवाज, युसूफभाईची बायको, शाहीनभाभीसुद्धा ओरडतायत.

मी उठलो. पुढं टीव्हीवर काय चाललंय ते बघायला थांबलोच नाही. एक चप्पल माझी, एक बायकोची, तसाच बाहेर. आमचं दार उघडंच टाकलं आणि युसूफभाईचं दार दोन्ही मुठींनी बडवलं.

दार शाहीनभाभींनी उघडलं. हातात आमटीची पळी. मागून युसूफभाई टीव्हीवरची नजर न काढता कुरकुरला की तुला जागेवरून हलू नको म्हटलं होतं ना. आपला गडी टिकावा म्हणून त्या बिचाऱ्या भागीदारी जमल्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पळीसकट उभ्या होत्या, दार उघडायला तेवढ्या हलल्या. हे मला कळायला हवं होतं, पण रागाला डोळे कुठं असतात?

"इथं राहायचं, इथलं खायचं, आणि आपला माणूस आऊट झाला की टाळ्या वाजवायच्या?" मी ओरडलो. "लाज वाटत नाही तुम्हा लोकांना?"

तुम्हा लोकांना. बावीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून त्या उंबऱ्यावर कधी पडला नव्हता. पडला आणि मलाच ऐकू आला.

युसूफभाईनं आता मान वळवली. "कोण आऊट झाला?"

मी त्याच्या टीव्हीकडं बोट दाखवलं. आणि बोट तसंच राहिलं. आऊट झालेला माणूस तिथं क्रीजवर उभा राहून हातमोजे आवळत होता. ठणठणीत.

"हा," मी म्हटलं, "हा गेला ना. अंपायरनं दिला की."

"दिला होता. रिव्ह्यू घेतला. नॉट आऊट," युसूफभाई म्हणाला. "त्यालाच टाळ्या वाजवल्या आम्ही."

आणि तेवढ्यात मागून, माझ्याच उघड्या दारातून, माझ्याच टीव्हीवर कॉमेंट्रीवाला बेंबीच्या देठापासून ओरडला. पाठोपाठ ताटावर चमचा, आणि बायकोची हाक.

"अहो, या घरी. नॉट आऊट आहे तो."

मंडळी, मी फिटर माणूस. मशीन का बिघडलं ते मला आवाजावरून कळायचं. हे मात्र कळलं ते तेव्हा, त्या दारात. त्यांची केबल, माझं इंटरनेट. काचेसारखं चित्र, पण अर्धा-पाऊण मिनिट मागं. माझा बोट वर केलेला अंपायर त्यांच्याकडं कधीच बोट खाली करून मोकळा झाला होता. माझा चौकार लागेपर्यंत त्यांच्याकडं विकेट पडलेली होती. दिवसभर ती भिंत मला पुढचं सांगत होती, आणि मी भिंतीवर खटला भरत होतो.

पोराला फोन करून शिव्या द्याव्यात असं वाटलं. पण पोरानं मला दार बडवायला सांगितलं नव्हतं. तो शब्द इंटरनेटनं बोलायला लावला नव्हता.

मग मी माझं जुनं हत्यार काढलं. तोंडभर हसलो आणि म्हटलं, अरे युसूफभाई, गंमत केली.

कुणी हसलं नाही. भाभी पळीकडं बघत राहिल्या. तीस वर्षांत ते वाक्य पहिल्यांदा रिकामं गेलं, आणि ते गेलं हे मला लगेच कळलं, तरी मी हसतच उभा होतो, कारण हसणं थांबवल्यावर चेहऱ्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं.

युसूफभाईनं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. मॅच चालू असताना. गळ्याशी आलेली मॅच. मी त्याला सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा असं करताना बघितलेलं नाही. तो उठून माझ्यासमोर आला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी पण चढवला असता.

"नाना," तो म्हणाला, "आपला ओपनर बोल्ड झाला तेव्हा तुमच्या घरातून शिट्टी आली. ताट वाजलं. वर तुम्ही फोन करून मला हसून विचारलंत, बघताय ना. मी शाहीनला म्हटलं, म्हातारा माणूस आहे, असेल काहीतरी. मी आलो का तुमचं दार बडवायला, तुम्ही कुणाच्या बाजूचे असं विचारायला?"