गौतमीच्या दोन गोळ्या

जयपूरजवळच्या सांगानेरला कापडावर ठसे मारणाऱ्यांतही उतरंड असते. सगळ्यांत वर रेखवाला. नक्षीची बाहेरची बारीक रेघ तो मारतो, बाकीचे त्या रेघेच्या आत रंग भरतात. लाकडी ठसा रंगात दाबायचा, कापडावर टेकवायचा, मनगटाजवळच्या तळहातानं एक ठोका. पुढचं फूल मागच्याला असं भिडलं पाहिजे की जोड कुठं आहे ते मारणाऱ्यालाही सापडू नये. सुताएवढा हात हलला की अख्खं थान, म्हणजे तागा, वाया.

या रेखेवर पिढ्यान्पिढ्या तिथल्या छिपा, म्हणजे छपाईवाल्या घरांतले पुरुष. तिथं गौतमी वानखडे उभी राहिली. मूर्तिजापूरहून बदलीवर आलेल्या रेल्वेच्या गँगमनची पोरगी. फुकट मिळालं नाही ते. पाच वर्षं तिनं दत्ता मारला, म्हणजे आतला रंग भरला, आणि टोमणे खाल्ले. एकदा रेखवाला आजारी पडला तेव्हा न विचारता त्याचा ठसा उचलला आणि संध्याकाळपर्यंत थान उतरवून ठेवलं. मालक विनयजींनी चष्मा पुसून पुसून जोड शोधला. सापडला नाही. मग काय करतील? दिली रेख.

आणि यंदाच्या मे महिन्यात तिचा हात थरथरायला लागला.

कारण तिला ठाऊक होतं. लिथियमच्या दोन गोळ्या, एक सकाळी, एक रात्री, सात वर्षं. बारीकसा कंप पहिल्यापासून होताच, तो ती मनगट दाबून जिरवायची. यंदा जिरेना. फुलाच्या पाकळ्या एकमेकींवर चढायला लागल्या.

"गौतमीजी, फूल को लकवा मार गया क्या?" विनयजी चारचौघांत म्हणाले. "आठ दिन देखता हूँ. नहीं तो वापस दत्ता."

आता या गोळ्या कशासाठी, तेही सांगितलं पाहिजे. सात वर्षांपूर्वी गौतमी नऊ दिवस झोपली नव्हती. घरातली भांडी तिनं शेजाऱ्यांना वाटून टाकली. खातीपुऱ्याच्या स्टेशनवर उभी राहून येईल त्याला सांगायची, साऱ्या जयपूरवर मी नक्षी छापणार. नवव्या दिवशी रुळांमधून चालत निघाली. बापानं, कोंडिबानं, धावत जाऊन धरली, घरी आणली आणि खाटेला दोरानं बांधली. चौदा तास. पोलिसांनी नाही, सासरच्यांनी नाही, ज्या बापानं खांद्यावर बसवून जयंतीची मिरवणूक दाखवली त्या बापानं. नवरा त्याच आठवड्यात कामठीला गेला तो तिकडचाच झाला.

तेव्हापासून रात्रीची गोळी कोंडिबा स्वतःच्या हातानं देतो आणि ती गिळेपर्यंत समोर बसून राहतो. सकाळची गोळी बघायला कोणी नव्हतं. गौतमीनं ती बंद केली. डॉक्टरला विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही. दवाखान्यात तीन तास रांगेत बसून दोन मिनिटांत 'वही दवा चालू रखो' ऐकायचं, त्यांना काय विचारणार?

सहाव्या दिवशी जोड जुळला. विनयजी थानाजवळ आले, बघितलं, काही बोलले नाहीत. त्या कारखान्यात गप्प राहणं हीच शाबासकी. अकराव्या दिवशी तिनं एका दिवसात दीड दिवसाचं काम उपसलं. झोप तीन तासांवर आली होती आणि थकवा नावाला नव्हता.

तिला कळत होतं. हे नीट लिहून ठेवा, तिला सगळं कळत होतं. अशा माणसाला आपलं आपल्याला समजत नाही म्हणणारे शहाणे गल्लोगल्ली आहेत. गौतमीला समजत होतं की हे तेच आहे, दाराशी आलंय. फक्त हात इतका सरळ चालत असताना दार लावायला तिचं मन होत नव्हतं.

कोंडिबानं ओळखलं.

"गौतमे, सकायची गोयी घेतं काय व?"

"घेतो ना."

"खोटं नोको बोलू. रातच्याले उठून सारे डबे घासले तू."

"हात जाते माया त्या गोयीनं, बाबा. तुमाले काय समजते हाताचं?"

"हाताचं नाही समजत मले," कोंडिबा म्हणाला. "दोराचं समजते. आता तू जोर केला त मले आवरनार बी नाही तू."

तो उठून नळावर गेला आणि भरलेलीच बादली पुन्हा भरत बसला.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. तिथं नवीन डॉक्टर आल्या होत्या, सुहासिनीबाई, पुण्याच्या. गौतमीनं सगळं खरं सांगितलं, भांडायच्या तयारीनंच. बाई रागावल्या नाहीत. जुना कागद काढून बघत राहिल्या.

"एप्रिलमध्ये तुमच्या रक्तात लिथियम फार वर गेलं होतं. कोणी काही बोललं नाही?"

"पुढच्या तारखेले या म्हणाले."

"दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी निघताना एक गिलास. मग घरी आल्यावर."

"या उन्हात? का?"

"बायांसाठी संडास नाही तिथं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पाच बाया, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रंगाच्या वाफेत तहान गिळून उभ्या. पुरुष मागच्या नाल्यावर जातात. याला कोणी आजार म्हणत नाही, याचा कागद निघत नाही.

"हे औषध म्हणजे एक क्षार आहे," बाई म्हणाल्या. "घाम गेला, पाणी पोटात नाही, की ते रक्तात साठतं. कंप गोळीचाच, पण यंदा वाढवला तो तहानेनं. अजून वाढलं असतं तर जिवावर बेतलं असतं."

"मंग बंद करू?"

"एकदम बंद केलंत तर ते नऊ दिवस परत येण्याची भीती फार. तुमची सुरुवात झालीच आहे. रात्रीची पूर्ण, सकाळची अर्धी घेऊन बघू. आठ दिवस झोपेची वेगळी गोळी. दर आठवड्याला रक्त तपासायचं. आणि पाणी, रोजच्या रोज, सारखंच. त्याशिवाय मी गोळी कमी करणार नाही."

"हात रेखेजोगा राहील?"

"कंप कमी होईल. जाईल असं नाही म्हणत. तुमची रेख मला कळत नाही, गौतमी. खोटा शब्द देणार नाही. ठरवायचं तुम्ही."

गौतमी तडक विनयजींकडे गेली. मागच्या पडवीत एक संडास बांधा म्हणाली.

"एक आपके लिए? बाकी चार ने तो कभी मुँह नहीं खोला."

तिनं त्या चौघींकडे पाहिलं. चौघी घड्या घालत राहिल्या. संध्याकाळी बसथांब्यावर त्यांतली एक जवळ येऊन म्हणाली, "हमको मत घसीटो, बाईजी." गौतमीच्या तोंडात शिवी आली होती. गिळली. इतकी वर्षं ती तरी कुठं बोलली होती?

बस घराजवळच्या सोडाल्याला पोचेपर्यंत ती स्वतःचा उजवा हात मांडीवर ठेवून बघत होती. हा हात हेच तिचं नाव होतं सांगानेरला. त्याच्याशिवाय ती कोण? नवऱ्यानं टाकलेली, गोळ्या खाणारी बाई. आणि गोळीशिवाय ती कोण, ते खातीपुऱ्याच्या स्टेशनवर सगळ्यांनी पाहिलेलं.

दुसऱ्या सकाळी कोंडिबासमोर बसून तिनं गोळीचे दोन तुकडे केले आणि एक खाल्ला. दोन लिटरची बाटली भरून घेतली. कारखान्याला सगळ्यांत जवळचा संडास पेट्रोल पंपावरचा, जायला सहा मिनिटं, यायला सहा. दिवसातून तीनदा. रंगात ठसा ठेवून रेखवाला असा निघून गेला तर मागचे दत्तेवाले खोळंबतात. चौथ्या दिवशी विनयजींनी रेख त्या दत्तेवाल्यांतल्या अरुणला दिली. हाताचं कारण सांगायचीही गरज पडली नाही त्यांना.

"रेख गेली, बाबा."

कोंडिबानं ताट वाढलं. मग म्हणाला, "जेवून घे."

आता ती दत्त्याच्या टेबलावर असते. झोप सहा तासांवर आली आहे. हात हलतो, पूर्वीपेक्षा कमी, दत्त्याला तेवढं चालतं. अरुणची रेख वाईट नाही, पण दर आठव्या-नवव्या फुलाला सूतभर बाहेर जाते आणि त्या वाकड्या पाकळीत रंग बसवायचं गौतमीच्या वाट्याला येतं. पहिल्या दिवशी तिनं ते दाखवलं. अरुण म्हणाला, "दत्ता मारो, बहनजी." तेव्हापासून दाखवत नाही.

दुपारी दीड वाजता तिनं ठसा पालथा ठेवला आणि फुलांची रांग अर्धी सोडून दाराकडे निघाली.

"फिर चलीं?" विनयजी म्हणाले.

"बारा मिनिटं," ती मराठीतच म्हणाली आणि उन्हात उतरली.