पान एकशे बाराच्या पुढे

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोला नाही, ज्या वर्तमानपत्रात अकरा वर्षं पुस्तकांवर सदर लिहिलं, त्याच्या संपादकांनाही नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतो आहे.

कथा-कादंबऱ्या सोडून बाकी सगळं त्या सदरात यायचं. मधमाश्या, सिमेंट, रक्त, नकाशे. केवढं वाचता तुम्ही, असं लोक म्हणायचे. मी हसून ते कौतुक घ्यायचो — खरं सांगायला काय हरकत होती?

वाचायचे सावंतकाका. नाहूरला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी केली. परीक्षणासाठी आलेलं पुस्तक मी आधी त्यांना द्यायचो. ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागे टिपणं काढून पुस्तकात ठेवायचे. सिमेंटवरचं वाचलं तेव्हा गच्चीतल्या भेगांवर बोट फिरवून गळती कुठून होते ते त्यांनी सोसायटीला दाखवलं. मी प्रस्तावना वाचायचो, मलपृष्ठ वाचायचो आणि त्या चिठ्ठ्यांवरून लेख लिहायचो. त्यांचं नाव कधी छापलं नाही.

पण सांगायचं ते एवढंच नाही.

शेवटचं पुस्तक कोकणातल्या कासवांवरचं होतं. त्यात काकांच्या गावाजवळचा किनारा होता. तिथली अंडी लहानपणी त्यांनी उकरून खाल्ली होती — ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. पान एकशे बारापर्यंत पोचले आणि काचबिंदूनं उरलीसुरली नजरही गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "फुडे काय झाला रे? कासवां परत इली? तू वाचलंस मा?"

पुस्तक माझ्याकडे परत येऊन पडलं होतं, पण मी पहिलं पानही उलटलं नव्हतं.

"आली ना, काका. दरवर्षी येतात आता."

ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "बरा झाला."

वर येऊन मी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. पान एकशे चाळीसवर त्या किनाऱ्याला दगडी बंधारा घातला जातो. त्यानंतर तिथे एकही कासव आलेलं नाही.

गावात आता त्यांचं कुणी उरलेलं नाही. तरी येत्या फेब्रुवारीत त्यांची मुलगी त्यांना तिथे घेऊन जाणार आहे. दिसणार नाही, पण वाळूत कासव चढतं त्याचा आवाज होतो, तो त्यांना ऐकायचा आहे. मलाही चल म्हणाले. मी हो म्हटलं.

तिघांची तिकिटं मीच काढली आहेत.