सोळा के, अठ्ठेचाळीस के आणि माझी कानस

कॉलेजात एकवीस वर्षं फिजिक्स शिकवत असल्यामुळे घरातल्या कुठल्याही यंत्राबद्दल मी कुणाला काही विचारत नसे.

ऐंशीच्या दशकात माझ्या मेहुण्यानं मस्कतहून आमच्या वैशालीसाठी कॉम्प्युटर आणला. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर गेमची कॅसेट लावायची, आणि पाच मिनिटं तिचं किंचाळणं ऐकलं की पडद्यावर एक चौकोन दुसऱ्या चौकोनावर गोळ्या झाडायचा. (याला लोक प्रगती म्हणत.) मग मामानं मोटार शर्यतीची कॅसेट पाठवली. तिला अठ्ठेचाळीस के मेमरी लागे. आमच्या यंत्रात होती सोळा. आणि वैशालीनं तर रविवारी शर्यत बघायला नववीतल्या सगळ्या मैत्रिणींना बोलावून ठेवलं होतं.

"बाबा, मागं मॉडेल नंबर लिहिला आहे. चिठ्ठीवर उतरवून देऊ?"

"मेमरी म्हणजे मेमरी. त्यात मॉडेल कसलं?" मी म्हणालो आणि सीताबर्डीच्या बाजारात एका दुकानात गेलो.

दुकानदारानंही तेच विचारलं. "मॉडेल कोन्तं आहे, सर?"

"तुम्ही बत्तीस के मेमरीचा डबा द्या. सोळा आणि बत्तीस, अठ्ठेचाळीस. बेरीज मला येते."

"बेरीज बरोबर आहे सर, पन बसले पाहिजे न."

त्याच्या अज्ञानाची कीव करत मी डबा घेऊन आलो.

रविवारी सहा मैत्रिणी सतरंजीवर बसल्या. शेजारच्या देशकर काकूही आल्या. कॉम्प्युटर म्हणजे सिनेमाच असं समजून त्या शेंगदाणे घेऊन आल्या होत्या. मी डबा यंत्राच्या मागे लावला. तो बसेना. यंत्राच्या कडेला एक खाच होती आणि डब्यातला प्लॅस्टिकचा दात नेमका दुसऱ्या जागी होता.

"परदेशी माल, फिनिशिंग नाही," मी जाहीर केलं आणि कानस मागवली.

"बाबा, तुम्ही काहून घासून राहिले? तो दात कशासाठी तरी असेल न."

"शोभेसाठी आहे."

"अहो, पोरगी सांगून राहिली तर ऐका न," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. तिनं आर्ट्सला पदवी घेतलेली असल्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

अर्ध्या तासात दात गेला. डबा गप्पकन बसला. मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघितलं आणि बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. यंत्रातून धुराची एक बारीक रेघ निघाली, आणि घरभर जळक्या रबराचा वास पसरला.

"शर्यत सुरू झाली काय वं?" देशकर काकूंनी वैशालीला विचारलं.

मैत्रिणी चपला घालून गेल्या. मग वैशाली यंत्र मांडीवर घेऊन रडली, आणि माझ्या एकवीस वर्षांच्या फिजिक्समधलं एकही सूत्र मला कामी येईना.

त्या दुकानदाराला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि वैशाली सीताबर्डीतल्याच एका मेकॅनिककडे गेलो. त्यानं डबा उलटून बघितला आणि घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"मशीन सुधरून जाईन, एक पार्ट बदलावा लागन. पन हा दात कोनं घासला? चुकीचा डबा लागू नये म्हनून तर कंपनी देते तो."

"आमचे एक शेजारी आहेत," मी म्हणालो.

"शिकलेले दिसतात. अडानी मानूस आधी विचारते."

"हो, कॉलेजात शिकवतात," वैशाली शांतपणे म्हणाली. "फिजिक्स."

मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. मॉडेल नंबर त्यानं तिच्याकडूनच लिहून घेतला, माझ्याकडे बघितलंही नाही. मग चहा मागवून तो त्या शेजाऱ्याची अक्कल काढत बसला. मीही मागे राहिलो नाही. वैशालीनं नंतर आईला सांगितलं की मेकॅनिकपेक्षा बाबाच जास्त मनापासून शिव्या देत होते.