वामनराव डॉक्टरांचं नख

वामनराव डॉक्टर कुणाच्याही तोंडात हत्यार घालण्याआधी ते स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर ओढून दाखवत. "पाहा बाई, आलं काय रगत? नाई ना? मंग?" नखावरच्या त्या पांढऱ्या रेघा पाहून मला आणखीच धडकी भरे.

चिखलीत धान्याच्या दुकानावरच्या माडीत त्यांचा दातांचा दवाखाना होता. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, वय बत्तीस. सकाळी चूळ भरली की लाल पाणी पडे आणि आई आठवे. माझ्या आईचे सगळे दात चाळिशीच्या आत गेले. ती तोंडाला पदर लावूनच बोले, लग्नाच्या पंगतीत बसतच नसे. मला तसं वर्गात उभं राहायचं नव्हतं!

डॉक्टरांनी आरशात हिरडीखालचं पिवळं किटण दाखवलं. "हे खरवडून काढा लागते." मी म्हटलं, "त्यापेक्षा पेनिसिलिनची सुई द्या ना." तेव्हा आमच्याकडे सुई म्हणजे सगळ्यात भारी औषध. सुई न देणारा डॉक्टर लोकांना कच्चाच वाटे. ते हसले. "सुईनं सूज उतरते बाई, किटण जागच्या जागी राह्यते. कढईले सुई टोचून खरकटं निंगते काय?"

उजवी बाजू मी कशीबशी करू दिली. ती करकर थेट मेंदूत जाई. खुर्चीचा हात इतका आवळला की बांगडी पिचली. ते आपले म्हणत होते, "भेव वाटू द्या, पण तोंड मिटू नका."

डावी बाजू चार दिवसांनी करायची होती. निघाले, पण अर्ध्या वाटेत ती करकर पुन्हा कानात सुरू झाली. सरळ दुसऱ्या डॉक्टरांकडे वळले आणि सुया टोचून घेतल्या. आठवड्यात सूज गेली. घरी काय तोरा माझा! वामनराव रस्त्यात दिसले की मात्र मी गल्ली बदलायची.

पुढच्या उन्हाळ्यात डावीकडच्या दोन दाढा हलू लागल्या. शेवटी वामनरावांच्या माडीचा जिना चढले. त्यांनी तोंड पाहिलं. उजवीकडची हिरडी घट्ट, गुलाबी. डावीकडे पू. "रागवा ना मला," मी रडतच म्हटलं.

"रागवू काऊन? भेव मलेबी वाटते बाई. माणूस अर्ध्यातून जाते अन् परत येतच नाही, त्याचं."

दोन्ही दाढा गेल्या. बाकीची बाजू त्यांनी खरवडून वाचवली. ते दात अजून माझे आहेत.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेले. हात चादरीबाहेर होता. नख नवं वाढून आलं होतं, त्यावर एकही रेघ नव्हती. किती दिवसांत हत्यार हाती धरलं नव्हतं त्यांनी! त्यांच्या सूनबाई चमच्याने औषध देत होत्या आणि ते ओठ घट्ट मिटून, घाबऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होते.

मी त्यांचा अंगठा हातात धरला. "डॉक्टर, भेव वाटू द्या," म्हटलं, "पण तोंड मिटू नका."

त्यांनी तोंड उघडलं.