मोरपंखी मोटारीचं डावं दार

तुमच्या नव्या गाडीचा फोटो मिळाला. रंग हाताला संत्र्याच्या सालीसारखा लागतो, तो घासून गुळगुळीत करावा की राहू द्यावा, असं तुम्ही विचारलंय. हाच प्रश्न आमच्या अंगणात एकदा चार दिवस मुक्कामाला होता. तो क्रमानं सांगते.

तेव्हा साहेबाचं राज्य होतं आणि मी नऊ वर्षांची होते. माझे वडील बऱ्हाणपुरात वकिली करत. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी जुनी मोटार घेतली होती. उन्हाळ्यांनी तिचा रंग पार विटला होता. वैशाखात थोरल्या ताईचं लग्न ठरलं आणि तिला मोटारीतून सासरी पाठवायची म्हणून रंगारीचाचांना बोलावलं. ते सिंधीपुऱ्यात टांगे रंगवत. पिचकारीनं रंग फवारायचं नवं यंत्र त्यांनी नुकतंच आणलं होतं आणि आमची मोटार ही त्यांची पहिलीच. लग्नाला जिनिंगवाले शेठ येणार होते, त्यांच्याकडे दोन मोटारी होत्या. काम त्यांच्या नजरेत भरलं तर चाचांना मोटारींचं काम मिळणार होतं. नाही तर जन्मभर टांगेच.

चाचा म्हणाले, रंग पहाटे देऊ, पत्रा थंड असतो तेव्हा. पण घरात आत्याच्या पंचांगाशिवाय पापडसुद्धा लाटले जात नसत. आत्या म्हणजे वडिलांची थोरली विधवा बहीण. तिनं बोटानं ओळ धरली आणि सांगितलं की सकाळ वाईट आहे, चांगला मुहूर्त थेट बाराचा. दिवसभर न्यायाधीशांशी वाद घालणारे माझे वडील आत्याशी कधी घालत नसत.

म्हणून भर दुपारी, कापडी मांडवाखाली, मोटारीला मोरपंखी रंग चढला. हवेत बारीक हिरवं धुकं तरंगत होतं, पलीकडे केळीची पानं हलत होती आणि ती पानंच विरघळून मोटारीवर बसताहेत असं मला वाटत होतं. झोपेत गेल्यासारखी मी बघत राहिले.

संध्याकाळी चाचांनी दारावरून तळवा फिरवला आणि ते खाली बसले. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आतच वाळला होता. अंगभर बारीक खळगे. मला ते आवडले. वारा सुटल्यावर तापीच्या पाण्यावर जे काही उमटतं, ते कुणी थांबवून ठेवल्यासारखं दिसत होतं.

घासून सपाट करतो, असं चाचा म्हणाले. वडील घाबरले. रंगाचा डबा संपला होता, दुसरा मुंबईहून यायचा आणि लग्न चार दिवसांवर. घासता घासता पत्रा उघडा पडला तर? ते म्हणाले, राहू द्या, दहा पावलांवरून कुणाला कळणार आहे.

चाचा शांतपणे म्हणाले, "वकीलसाब, दहा कदमांवरून तर टांगाही मोटारच दिसतो."

वडील हसले, पण होकाराची मान हलेना. तेव्हा ओट्यावरून आत्या म्हणाली, "बारा मी सांगितले होते. घासू दे त्यांना." मग चाचांकडे वळून, पंचांग मिटून, "या वेळी वेळ तुम्ही सांगा."

"फजरच्या नमाजानंतर, बाईसाब. ऊन यायच्या आत."

तीन सकाळी ते आले. पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, साबण लावून, हलक्या हातानं घासत. हिरवट दुधासारखं पाणी अंगणातून वाहायचं आणि मी त्यात आंब्याची पानं सोडून बसायची. पहिल्या दिवशी चकाकी गेली, मोटार पाटीसारखी निस्तेज झाली. वडील दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्या दिवशी चाचांनी कापसानं पॉलिश चोळलं. आधी एक करडा डाग उजळला, मग त्यात लिंबाची फांदी दिसली, मग एक पोपट आडवा उडत गेला.

मागच्या डाव्या दाराशी मात्र ते थांबले. बोटं टेकवून म्हणाले, इथं रंग पातळ आहे, इथं हात लावला तर पत्राच निघेल. ते दार तसंच राहिलं.

पाठवणीच्या वेळी आत्या मोटारीच्या डाव्या बाजूला उभी होती. शुभकार्यात विधवेनं पुढं यायचं नाही, ही तेव्हाची रीत. गर्दी सगळी उजवीकडे. ती त्या दाराला पाठ टेकून उभी राहिली, पांढऱ्या लुगड्याचा पदर पसरून. पुढं शेठ बोनेटवर वाकले, त्यात बघून त्यांनी पगडी नीट केली आणि वडिलांना विचारलं, हे काम कुणाचं? चाचा मांडवाच्या खांबाशी उभे होते. वडिलांनी त्यांना हात धरून पुढं आणलं.

ताई आत बसली. मोटार सुरू झाली तशी आत्याला बाजूला व्हावं लागलं. तेव्हा सगळे ताईकडे बघत होते. ताईनं मात्र खिडकीतून हात बाहेर काढून आत्याचा हात धरला आणि दोघींचे हात क्षणभर त्या खडबडीत रंगावर टेकले.

आषाढात शेठांची मोटार रंगवायची ठरली. चाचा आत्याकडे मुहूर्त विचारायला आले. तिनं पंचांग उघडलंच नाही. "पहाटेचा," म्हणाली.

तुमच्या गाडीचं म्हणाल, तर आधी रंग किती जाड आहे ते जाणत्या माणसाला विचारा. पातळ असेल तिथं राहू द्या.