भालचंद्ररावांची कडू जीभ

मिलला कुलूप लागलं, नोकरी गेली आणि भालचंद्ररावांना घरचं सगळंच कडू लागायला लागलं. बायको सुमनबाई डबे करून घर चालवत होत्या, हे महाशय दारात उभे राहून गिऱ्हाइकांना सांगत, "पोहे कडू आहेत, भिया."

डॉक्टर म्हणाले, बीपीच्या गोळीनं चव बिघडते. बडा गणपतीच्या देवळाजवळच्या, चिनी सुया टोचणाऱ्या वैद्यानं जीभ पाहून सांगितलं, पित्तात राग साठलाय. "दोघेही लुटारू," रावांनी निकाल दिला.

शेवटी एक गिऱ्हाईक तुटलं. सुमनबाईंनी रावांचं ताटच बंद केलं. "कडू खाऊन तब्येत बिघडायची."

दुसऱ्याच दुपारी राव डब्यातले पोहे वर जिरावण मसाला भुरभुरून गुपचूप खाताना सापडले.

"कसे लागले?"

"बरे आहेत."

"मग त्या तुटलेल्या गिऱ्हाइकाला हेच सांगून या. तोवर ताट नाही."