भाताच्या खोलीतला धवला

आमचा नीलेश, म्हणजे माझा धाकटा दीर, साजगावच्या कारखान्यात पाळीला जातो आणि उरलेल्या वेळात सगळ्या घराचं तोंड बंद करून ठेवतो. पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर लावायचा नाही. का, तर साहेब आत गाणं रेकॉर्ड करतायत. खालापूरच्या या बाजूला हळदीची गाणी म्हणणारी पोरं पैशाला पासरी आहेत. पण मुंबईच्या स्टुडिओत काढल्यासारखा आवाज भाताच्या खोलीतून काढून देणारा हा एकटाच. रिकामी खोली आवाज परत फेकते आणि भरलेली पोती तो गिळतात, असं म्हणून त्याने ती खोली बळकावली. उरलेल्या भिंतींवर माझ्या माहेरच्या गोधड्या खिळ्यांनी ठोकल्या. माइकपुढे भरतकामाच्या रिंगेवर माझीच ओढणी ताणून बसवली, प-फ म्हणताना तोंडातून येणारा वारा अडवायला. मी पुष्कळ तोंड सोडलं. ऐकतो कोण?

गौराबाईच्या रेकॉर्डिंगला मात्र मीच म्हटलं, आणखी गोधड्या लागल्या तर ने बाबा.

गौराबाई आमची शेजारीण आणि गावाची धवलारीण. आमच्यात मंगलाष्टकं भटजी म्हणतो, पण हळद लागते ती धवलारणीच्या गळ्यावर. ती धवला म्हणजे हळदीचं गाणं गाते, त्यात नवरीच्या मामा-आत्यांची नावं गुंफते आणि शेवटच्या कडव्यात नवरीचं नाव घेते. मगच हळदीचं पहिलं बोट लागतं. माझी हळदही तिनेच गायली होती. आता तिच्या गळ्यात गाठ निघाली होती आणि रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ऑपरेशनसाठी पनवेलच्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं. डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. आवाजाची नस गाठीला चिकटली आहे, जीव वाचेल, आवाजाचं सांगत नाही, असं म्हणाला. आणि पंधरवड्यावर तिच्या नातीचं, विनिताचं लग्न. आईवेगळी पोर. तिला हळदीला आजीचा आवाज हवा होता, बाकी कशाचाच हट्ट नव्हता.

त्यात शेजारच्या विकलेल्या शेतावर फार्महाउससाठी जेसीबी चालला होता. भिंत हादरेल असा आवाज. नीलेशने चालकाच्या, कमळ्याच्या, हातापाया पडून जेवणाच्या सुट्टीपुरती शांतता मागून घेतली.

"वैनी, त्याला आपल्याकडंच जेवू घाल," नीलेश माझ्या कानाशी म्हणाला. "आन लवकर उठू देऊ नको."

मी कमळ्याला ओटीवर बसवलं, सुकटीचं कालवण वाढलं आणि मुद्दाम एकेक भाकरी थापायला लागले. वैशाखातली दुपार, चुलीची धग आणि जीव सगळा भाताच्या खोलीत.

आत नीलेशने सगळ्यांना बाहेर काढलं होतं. विनिता दाराशी उभी होती, हातातल्या बांगड्यासुद्धा त्याने काढून ठेवायला लावल्या होत्या. गौराबाई एकटी माइकसमोर. तोंड आणि माइक यांच्यात वीतभर अंतर, कानांवर हेडफोन. तिने एक ओळ उचलली. अंगावर काटा आला माझ्या. ओळ संपली आणि ती थांबली, दाराकडे बघत राहिली.

"आजी, थांबू नको ना. म्होरं जा," नीलेश म्हणाला.

पुन्हा पहिली ओळ. पुन्हा थांबली.

"झेलायला कोन हाय?" गौराबाईने हेडफोन ओढून काढला. "मी ओळ टाकते, ती खालीच पडते. मी काय पोत्यांना गाऊ का रं?"

धवलारीण ओळ टाकते आणि भोवतीच्या बायका ती झेलतात. तेवढ्यात ती दम घेते, पुढची ओळ आठवते. हे नीलेशला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. पण साफ आवाजाच्या नादात त्याने गाण्याचा अर्धा जीव दाराबाहेर काढला होता. तरी म्हणतो कसा, "मधली जागा मी मागनं कापतो. तू सलग गा."

म्हातारी भली, तिने सलग गायलं. तिसऱ्या ओळीला दम संपला आणि असा खोकला उठला की विनिता धावत आत गेली. गळ्यावर हात धरून गौराबाई कितीतरी वेळ वाकून राहिली. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून आले.

"अरे, धवला कधी कुनी एकटीनं गायलाय का? बायांना बोलव!"

"वैनी, बाया आल्या की आवाज एकमेकात घुसतात. मंग आजीचा वेगळा काढता येत नाय."

"नको काढू वेगळा! तिचा गळा फुटल्यावर काय काढशील?"

तो चिडला. मग त्याने माइककडे बघितलं. एकदम उठला, दोन पोती ओढून वाट केली आणि म्हणाला, "याची पाठ भैरी असते. मागनं आलेलं त्याला कमी ऐकू येतं. बायांना त्याच्या पाठीमागं उभं कर, आजीच्या समोर. आन हळू गायचं."

मी शेजारच्या सोमीला हाक मारली, ती आणखी दोघींना घेऊन आली. तिकडे कमळ्या हात धुवायला उठला होता. मी पळत जाऊन त्याच्या ताटात न विचारता भाकरी टाकली. "अहो वैनी, पोट फुटंल!" तो म्हणाला. "फुटू दे," मी म्हटलं आणि परत आत.

या वेळी गौराबाईने हेडफोन लावलाच नाही. एक हात कानावर ठेवला, सोमीच्या डोळ्यात बघितलं आणि ओळ टाकली. तिघींनी ती दबक्या गळ्याने झेलली. म्हातारीची मान ताठ झाली. नावं यायला लागली, मामाचं, आत्याचं, आणि पोर लहान असताना गेलेल्या आईचंही. विनिताने तोंडात पदर कोंबला. नीलेशचा हात बटणावर, नजर लॅपटॉपच्या पडद्यावर. गौराबाईचा आवाज चढला की पडद्यावरची आवाज मोजणारी पट्टी तांबड्याकडे धावे आणि तो बटण फिरवून पट्टीला मागे ओढून धरे. त्याच्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडत होता. मी देवाला हात जोडले होते, खोटं कशाला सांगू.

शेवटचं कडवंच उरलं होतं. गौराबाईने श्वास घेतला, ओठ उघडले आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा. तिने पुन्हा जोर केला. डोळ्यात पाणी आलं, पण आवाज नाही. तेवढ्यात बाहेर जेसीबी घरघरला. कमळ्याने जमेल तेवढी वाट पाहिली होती, त्याला बोल लावत नाही.

"एक डाव, आजी," नीलेश म्हणाला. "निसतं नाव. मी त्याला परत थांबवतो. निसतं इनिताचं नाव घे."

गौराबाई खरंच पुन्हा माइकपुढे झुकली. तेव्हा विनिताने पुढे होऊन त्याच्या लॅपटॉपचा पडदा मिटला. "बस झालं, दादा. हाय तेवढंच लावू."

त्यानंतरच्या सगळ्या रात्री नीलेश तो आवाज साफ करत बसला. जेसीबी, खोकला, सगळं कापून बाहेर काढलं. गळ्यातली खरखर मात्र त्याने राहू दिली, बायकांच्या झेलण्याला हातही लावला नाही. शेवटचं कडवं खोपोलीच्या एका गायिकेकडून करून घेऊ, कुणाला कळणार नाही, असं त्याने एकदा सुचवलं. विनिता नको म्हणाली. आणि गौराबाई दवाखान्यातून आली ती घोगऱ्या कुजबुजीवर. पाणी मागितलं तरी जवळ जाऊन ऐकावं लागायचं.

हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकर लागले. धवला सुरू झाला आणि माणसं बोलायची थांबली. तिचा आवाज इतका जवळचा, इतका भरलेला होता की काहींनी वळून गौराबाईकडे बघितलं. ती पाटाशेजारी गप्प बसली होती, गळ्याला पट्टी. स्पीकरमधली ओळ पडली की आम्ही झेलत होतो. मामाचं नाव गेलं, आत्याचं गेलं, आईचं गेलं. मग स्पीकर गप्प झाला.

पाटावर विनिता, पुढे वाटीत हळद, आणि नाव घ्यायला कुणी नाही. नाव धवलारणीनेच घ्यायचं, दुसरी कोण पुढे होणार? नीलेश स्पीकरशेजारी मान खाली घालून उभा होता.

गौराबाई उठली. एक हात कानावर ठेवला आणि ओठ हलवायला लागली. पहिल्या रांगेतल्या मलाही काही ऐकू येत नव्हतं. सोमी मात्र तिच्या ओठांवर डोळे लावून बसली होती. ओठ थांबले आणि सोमीने ओळ झेलली, तिच्यामागून आम्ही सगळ्यांनी. ओठ पुन्हा हलले, पुन्हा थांबले, आम्ही पुन्हा झेललं. विनिताचं नाव आलं तेव्हा मांडवातली एकही बाई गप्प नव्हती. गौराबाईने हळदीत बोट बुडवलं आणि नातीच्या गालाला लावलं.